पब्लिक ट्रस्टचा फॉर्म : लग्नात बदललेलं नाव, बंद पडलेली कंपनी आणि आईची १ जून ही जन्मतारीख

अनुजा_मेरीलँड :

नमस्कार मंडळी,

मी बाल्टिमोरच्या बाजूला राहते, ग्रीन कार्डवर आहे. एका कॉन्ट्रॅक्टर कंपनीने डेटा अ‍ॅनालिस्टची ऑफर दिली आहे, काम एका फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या, खात्याचं. ऑफर पक्की होण्याआधी 'पब्लिक ट्रस्ट, मॉडरेट रिस्क' ही तपासणी (माणूस विश्वासाचा आहे का हे बघणारी, मध्यम जोखमीच्या पदासाठीची) पार पडायला हवी. ई-अ‍ॅपची (फॉर्म भरायची सरकारी साइट) लिंक आली, एसएफ-८५पी हा तपासणीचा फॉर्म उघडला, थोडा भरला आणि प्रत्येक रकान्यात अडकायला लागले.

माझं लग्नाआधीचं नाव पूर्ण वेगळं आहे, पहिलं नावसुद्धा. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि तेच पुढे पासपोर्टवर आलं. शिवाजी विद्यापीठाची पदवी मात्र जुन्या नावावर, तीही आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. 'अदर नेम्स यूज्ड' मध्ये यातलं काय काय लिहायचं?

नोकऱ्यांचं वेगळंच. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, होते तोवर काम करायची परवानगी नव्हती, ती वर्षं घरी गेली. ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, आल्यावर न्यू जर्सीतल्या एका छोट्या कन्सल्टिंग कंपनीत घरून काम केलं. ती कंपनी आता बंद आहे. मालक भारतात परतले असं ऐकलं, त्यांचा फोन लागत नाही. तिथल्या कामाला दुजोरा कोण देणार?

२०२३ मध्ये नवऱ्याचा ले-ऑफ झाला तेव्हा एक क्रेडिट कार्ड थकलं आणि कलेक्शनला, म्हणजे वसुली एजन्सीकडे, गेलं. नंतर आम्ही ते मिटवलं, पत्र आहे. पण क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, अजून दिसतं.

आणि आई. तिची जन्मतारीख कागदोपत्री १ जून आहे. खरी कोणालाच माहीत नाही. आजी म्हणायची की त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता, एवढंच. अमेरिकन सरकारच्या फॉर्मवर १ जून लिहून खाली सही करायची म्हणजे खोटं लिहिल्यासारखं होईल का?

कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा. फॉर्म भरायला दिलेली मुदत थोडीच आहे आणि ही नोकरी मला मनापासून हवी आहे.


शैलेश_रेस्टन :

अनुजा, अभिनंदन. मी एका फेडरल खात्यात आयटीत आहे. माझी पोस्ट हाय रिस्क पब्लिक ट्रस्ट, म्हणजे टियर ४. तुमची मॉडरेट म्हणजे टियर २. फॉर्म तोच, एसएफ-८५पी, फक्त आमच्याकडे खोलवर बघतात. टियर ४ ला तपास अधिकारी समोर बसून मुलाखत घेतो. टियर २ ला सहसा तेव्हाच बोलावतात, जेव्हा काहीतरी उलगडून हवं असतं.

माझ्या मुलाखतीला एक बाई आल्या होत्या. आधी स्वतःचं ओळखपत्र उघडून दाखवलं, मग माझं मागितलं. फॉर्म ओळीने घेतला, पत्त्यापासून. प्रत्येक ठिकाणी तेच : इथे कधीपासून कधीपर्यंत, कोणाबरोबर, शेजारी कोण ओळखत होतं. सगळं हाताने लिहून घेत होत्या. एका भाड्याच्या घराच्या तारखेत महिनाभराचा फरक निघाला, कारण जुनं घर सोडायच्या आधीच नव्याचं भाडं सुरू झालं होतं. मी तसं सांगितलं, त्यांनी लिहिलं, पुढे गेल्या. दटावणी नाही, लाय डिटेक्टर नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. रिक्रूटर सर्रास 'पब्लिक ट्रस्ट क्लिअरन्स' म्हणतात. ही सिक्युरिटी क्लिअरन्स नाही. सीक्रेट किंवा टॉप सीक्रेटला एसएफ-८६ लागतो, तो वेगळा आणि बराच मोठा. रेझ्युमेवर 'क्लिअरन्स' म्हणून लिहू नका.


जयंत_एडिसन :

एवढा विचार करू नका हो. हे लोक लाखो फॉर्म बघतात, कोणाला वेळ आहे? कलेक्शनचं मिटलंय ना, मग लिहू नका. बंद कंपनी सरळ गाळा आणि सध्याच्या नोकरीची सुरुवातीची तारीख थोडी मागे घ्या, मध्ये गॅप दिसणार नाही. आईचं १ जून सगळ्यांचंच असतं. माझ्या ओळखीत दोघांनी असंच केलं, दोघंही कामावर आहेत.


मंगल_रॉकव्हिल :

अनुजा, मी एका फेडरल खात्याच्या पर्सोनेल सिक्युरिटी ऑफिसात नोकरी केली, आता निवृत्त आहे. तू भरतेस तो फॉर्म आणि तपासाचे कागद ज्या टेबलावर एकत्र येतात, त्या टेबलाशी माझी वर्षं गेली. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी जयंतरावांच्या सल्ल्याबद्दल. कृपा करून तो कोणीही पाळू नये. त्या फॉर्मवर सही करताना आपण जे मान्य करतो त्यात अमेरिकन कायद्याच्या टायटल १८ मधलं कलम १००१ येतं : फेडरल सरकारला जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर पाच वर्षांपर्यंत कैद. तुरुंगाची गोष्ट बाजूला ठेवली तरी साधा हिशेब बघा. माणूस नोकरीला योग्य आहे की नाही हे कशावरून ठरवायचं ते फेडरल नियमावलीच्या भाग ७३१ मध्ये लिहिलेलं आहे. आधीच्या नोकरीतलं गैरवर्तन, गुन्हेगारी किंवा अप्रामाणिक वागणूक, बेकायदा अमली पदार्थ अशी ती यादी आहे. ले-ऑफमध्ये थकलेलं क्रेडिट कार्ड असं कलम त्यात नाही. जाणूनबुजून केलेलं खोटं निवेदन आहे. म्हणजे जे लपवून काही फायदा नाही ते लपवायचं, आणि ज्याने खरोखर नोकरी जाते ते कृत्य सहीनिशी करायचं. अनुजा, तुझ्या यादीतल्या एकाही गोष्टीने नोकरी जायला नको. जयंतरावांचं ऐकलंस तर जाईल.

आणि 'कोणाला वेळ आहे' हे तर अजिबात खरं नाही. क्रेडिट रिपोर्ट थेट ब्युरोकडून, म्हणजे या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडून, येतो. बोटांचे ठसे एफबीआयकडे जातात. जुन्या मालकांना पत्र जातं, आयएनव्ही ४१ नावाचा फॉर्म : ही व्यक्ती तुमच्याकडे या तारखांना होती का, का सोडून गेली, पुन्हा ठेवाल का. तुम्ही ज्यांची नावं ओळखीची म्हणून देता त्यांना आयएनव्ही ४२. शाळा-कॉलेजला ४३. या पत्रांची उत्तरं येतात. मी ती उघडून वाचलेली आहेत, काही पेनाने लिहिलेली, समासात आणखी दोन ओळी घातलेली. सध्याच्या नोकरीची तारीख मागे ओढली की पहिल्याच पत्राच्या उत्तरात ते उघडं पडतं, आणि तोपर्यंत जे काही खरं लिहिलंय त्यावरचाही विश्वास उडतो. जयंतरावांच्या ओळखीतले दोघं कामावर आहेत म्हणजे त्यांची तपासणी पूर्ण झाली असंही नाही. ठसे स्वच्छ आले की बरीच खाती आधी कामावर घेतात, तपास मागून चालू राहतो.

आता तुझा फॉर्म. एक समजून घे : तपास करणारी संस्था डीसीएसए, संरक्षण खात्यातली. २०१९ च्या ऑक्टोबरपासून हे काम त्यांच्याकडे आहे, त्याआधी ओपीएमकडे, म्हणजे सरकारी नोकरभरती आणि कर्मचाऱ्यांचं काम बघणाऱ्या संस्थेकडे, होतं. ते फक्त माहिती गोळा करून अहवाल देतात. तू योग्य आहेस की नाही हे खातं ठरवतं. कॉन्ट्रॅक्टरच्या बाबतीत त्याला 'फिटनेस' म्हणतात, सरकारी नोकराच्या बाबतीत 'सूटेबिलिटी'. म्हणजे तुझा फॉर्म किमान दोन अनोळखी माणसं वाचणार. त्यांना कोल्हापूर कुठे आहे ते माहीत नाही. आपल्याकडे नाव आणि आडनावाच्या मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव येतं हे माहीत नाही. बाईचं पहिलं नाव लग्नात बदलतं हे तर त्यांच्या स्वप्नातही नसतं. त्या माणसाला तुझा माग काढायला सोपं जावं अशा बेताने लिही.

नावापासून सुरुवात कर. 'अदर नेम्स' मध्ये जन्माचं नाव घाल. त्याची विद्यापीठातली आडनाव-आधी मांडणीही वेगळी नोंद म्हणून घाल. स्पेलिंग कुठे वेगळं पडलं असेल, एका कागदावर जोडाक्षर एका तऱ्हेने आणि दुसरीकडे दुसऱ्या, तर तेही. प्रत्येकाला कधीपासून कधीपर्यंत ते विचारतात, लग्नाचा महिना दे. कारणाच्या जागी सरळ लिही की महाराष्ट्रात विवाहाच्या वेळी पहिलं नाव, मधलं नाव आणि आडनाव तिन्ही बदलण्याची रूढी आहे, पदवी जुन्या नावावर आहे. एवढी दोन वाक्यं पुरतात. मी हे आग्रहाने सांगते कारण असा एक कागद माझ्यासमोर आला होता. पदवी पडताळणीला 'रेकॉर्ड सापडत नाही' असा शेरा. वरकरणी बनावट पदवी. पदवी अस्सल होती. फक्त चौकशी सासरच्या नावाने गेली होती आणि रजिस्टर माहेरच्या नावाचं. ती मुलगी हुशार होती, तिचं काही चुकलं नव्हतं, आणि तरी महिनोन् महिने ताटकळली. तेव्हा मूळ प्रमाणपत्र, गुणपत्रिका, लग्नाचा दाखला आणि नावबदलाचं गॅझेट केलं असेल तर ते, सगळं स्कॅन करून हाताशी ठेव. परदेशी विद्यापीठाचं असलं की बहुतेक वेळा तुझ्याकडेच मागतात.

एच-४ चा काळ. फॉर्म नोकरीच्या बाबतीत सात वर्षं मागे जातो आणि मध्ये रिकामी जागा चालत नाही. त्या काळात जेवढे महिने येतात तेवढे 'अनएम्प्लॉयमेंट' म्हणून नोंदव. तो शब्द बघून वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्या ओळखीच्या कित्येक इंजिनिअर, डॉक्टर मुलींनी तिथे थबकून मला फोन केला आहे. एच-४ वर कायद्यानेच काम करता येत नव्हतं. काही जणींना ईएडीची वाट २०१५ च्या मे महिन्यात उघडली, तीही मुख्यतः नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा आय-१४० अर्ज मंजूर असेल तर. 'एच-४ डिपेन्डन्ट व्हिसा, कामाची परवानगी नव्हती' एवढं लिही. त्या काळात तू काय करत होतीस हे सांगू शकेल असं एक नाव विचारतील. नवरा नको. शेजारीण, मुलांच्या शाळेतली ओळख, मंडळातली मैत्रीण दे, जी अजून त्याच फोन नंबरवर आहे आणि इंग्रजीत दोन वाक्यं नीट बोलेल. तिला आधी कळव की पत्र किंवा फोन येऊ शकतो. अनोळखी नंबर म्हणून न उचललेल्या फोनमुळे तपास अडतो, फार अडतो.

बंद कंपनी मुळीच गाळू नकोस. डब्ल्यू-२ वर, म्हणजे मालकाने दर वर्षी दिलेल्या पगार-कराच्या कागदावर, जसं नाव छापलंय तसंच लिही, बोलताना जे म्हणायचो ते नको. मालकाचा शेवटचा माहीत असलेला पत्ता-फोन दे आणि शेऱ्यात लिही की कंपनी अमुक सुमारास बंद झाली, आता संपर्क होत नाही. बंद पडलेल्या कंपन्या त्यांनी भरपूर पाहिल्यात. तुझ्याबरोबर काम केलेलं एखादं माणूस इथे असेल तर त्याचं नाव पुरव. मग आयआरएस, म्हणजे कर खात्याच्या साइटवर जाऊन स्वतःचा 'वेज अँड इन्कम ट्रान्सक्रिप्ट' उतरवून घे. तो दहा वर्षांपर्यंतचा मिळतो, फुकट, आणि त्यात कोणत्या मालकाने कोणत्या वर्षी किती पगार दाखवला ते येतं. मालक सापडो न सापडो, तो कागद बोलतो. पगाराच्या स्लिपा असतील तर त्याही जपून ठेव. एक मात्र तूच तपासायचं : त्या कंपनीने तुझा रेझ्युमे कुठे पाठवताना त्यात न केलेली वर्षं वाढवली नव्हती ना? छोट्या कन्सल्टिंगवाल्यांकडून आपल्या मुलामुलींवर हा अन्याय सर्रास होतो आणि त्यांना पत्ताही नसतो. या ऑफरसाठी गेलेला रेझ्युमे मागून घे आणि फॉर्मशी महिना-महिना जुळवून बघ.

कलेक्शनचं लिही. खातं कोणाचं, रक्कम किती, कधी थकलं, का थकलं, कधी मिटलं. 'नवऱ्याची नोकरी गेली होती, मिटवल्याचं पत्र आहे.' पाल्हाळ नको, रडकथा नको. निर्णय घेणाऱ्याला परिस्थिती, किती जुनी गोष्ट आहे आणि त्यानंतर माणसाने काय केलं हे बघावंच लागतं, नियमात तसं लिहिलेलं आहे. तिन्ही ब्युरोंचे रिपोर्ट अ‍ॅन्युअल क्रेडिट रिपोर्टच्या अधिकृत साइटवरून दर आठवड्याला फुकट मिळतात. आधी ते काढ, त्यातली रक्कम आणि तारीख बघून मग फॉर्म भर, आठवणीवर विसंबू नकोस. आणि क्रेडिट फ्रीज (आपला रिपोर्ट कोणाला बघता येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप) केलं असशील तर तपासापुरतं उठव. फ्रीजमुळे रिपोर्ट मिळत नाही आणि फाइल तिथेच थांबते. फॉर्मसोबतच्या संमतीपत्रात हे लिहिलेलं असतं, पण तिथपर्यंत वाचतं कोण.

आता आई. १ जून लिही. पासपोर्ट, आधार, शाळेचा दाखला जे सांगतो तीच तिची नोंदलेली तारीख, आणि फॉर्म नोंदीच विचारतो. तारखेच्या शेजारी 'एस्टिमेटेड' असा चौकोन असतो, त्यावर खूण कर म्हणजे तुझ्याही मनाला टोचणी नको. आपल्या आईवडिलांच्या पिढीत शाळेत घालताना गुरुजींनी जूनची पहिली तारीख टाकून दिली, त्यात तुझं खोटं काहीच नाही. वडिलांची, सासऱ्यांची तारीखही १ जून निघाली तर मात्र शेऱ्यात एक वाक्य जरूर लिही. एकाच फॉर्मवर तीन माणसांचा एकच वाढदिवस बघून अनोळखी वाचकाला चुकून पुन्हा-पुन्हा तेच टाइप झालं असं वाटतं.


अनुजा_मेरीलँड :

मंगलताई, खरंच काय बोलू. डोळ्यांत पाणी आलं. रेझ्युमे आजच मागवते. सासऱ्यांचीही तारीख १ जूनच आहे!

दोन शंका राहिल्या. आईचा पत्ता खेड्यातला आहे, घर नंबर नाही, रस्त्याला नाव नाही. आणि ही सगळी माहिती देऊन पुढे ती सुरक्षित राहते का? २०१५ साली काहीतरी मोठी चोरी झाली होती ना?


मंगल_रॉकव्हिल :

पत्ता पाकिटावर लिहितेस तसाच : मु. पो., तालुका, जिल्हा, राज्य, पिन. रस्त्याच्या रकान्यात घराची ओळख लिही, मारुतीच्या देवळाजवळ वगैरे. नसलेला घर नंबर तयार करू नकोस. रकाना रिकामा राहू नये म्हणून 'हाउस नंबर १' टाकणारे पाहिलेत, आणि मग दुसऱ्या फॉर्मवर त्याच घराला दुसराच नंबर.

चोरीचं खरं आहे. ओपीएमच्या यंत्रणेतून तपासणीच्या नोंदी चोरीला गेल्याचं २०१५ मध्ये उघडकीला आलं, २ कोटी १५ लाख माणसांच्या. त्यात ५६ लाख माणसांच्या बोटांचे ठसेही होते. मलाही ते पत्र आलं होतं. ज्या ऑफिसात आम्ही एक पान टेबलावर उघडं ठेवून चहाला जात नसू, तिथे बसून ते पत्र वाचताना जो संताप आला तो अजून आठवतो. त्यानंतर ओपीएमकडून हे काम काढून घेऊन संरक्षण खात्याकडे दिलं गेलं, फॉर्म भरायची जुनी ई-क्विप प्रणाली जाऊन तू उघडलास तो ई-अ‍ॅप आला. पुन्हा कधी होणार नाही अशी हमी मी देणार नाही. क्रेडिट फ्रीज तपास संपल्यावर लगेच परत लाव. आणि १९७४ च्या प्रायव्हसी अ‍ॅक्टखाली स्वतःच्या तपासाची फाइल मागायचा तुला हक्क आहे. काम झालं की अर्ज करून ती प्रत मागव, पुढच्या वेळी तारखा जुळवायला तिच्यासारखा आधार नाही.


सुनंदा_प्लेनो :

मंगलताई, धागा वाचून विचारते. आमचा मुलगा शाळेत असताना आमच्याबरोबर ग्रीन कार्डवर आला, आता सिटिझन आहे, वय २७. त्याला फेडरल नोकरीची टेन्टेटिव्ह ऑफर आली आहे. ओएफ-३०६ नावाच्या फॉर्मवर सिलेक्टिव्ह सर्व्हिसची नोंदणी केली का असं विचारलंय. त्याने केलेली नाही. आम्हाला हे काय असतं तेच माहीत नव्हतं, शाळेने कधी सांगितलं नाही. आता साइट म्हणते की वय उलटलं. पोरगा खचून गेला आहे. सगळं संपलं का?


मंगल_रॉकव्हिल :

सुनंदाताई, संपलेलं नाही. पण हे अनुजाच्या प्रश्नांपेक्षा जड आहे, आजपासूनच कामाला लागा.

१९५९ नंतर जन्मलेल्या पुरुषांना १८ ते २५ या वयात सिलेक्टिव्ह सर्व्हिसची, म्हणजे सक्तीची लष्करभरती करायची वेळ आली तर वापरायच्या यादीतली, नोंदणी कायद्याने लागते, ग्रीन कार्डवाल्यांनाही. २६ पूर्ण झाले की ती करताच येत नाही. आणि नोंदणी नसलेल्या माणसाला फेडरल खात्यात नेमता येत नाही. त्याच कायद्यात पुढे सूट आहे : नोंदणी न करणं हे जाणूनबुजून, हेतुपुरस्सर नव्हतं असं दाखवून दिलं तर अडचण दूर होऊ शकते. दाखवण्याची जबाबदारी त्याची.

आधी सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडून 'स्टेटस इन्फर्मेशन लेटर' मागवा. मुलाने स्वतःच्या शब्दांत निवेदन लिहावं : कोणत्या वर्षी आलो, कोणत्या शाळेत होतो, ही गोष्ट पहिल्यांदा कधी कळली. तुम्ही दोघांनी वेगळं निवेदन लिहा. १८ ते २६ मधले सगळे पत्ते काढा, कारण तिकडून आठवण देणारं पत्र कुठल्या पत्त्यावर गेलं होतं का हा प्रश्न येतोच. त्या काळात घरं बदलली असतील तर लीजच्या प्रती जोडा. मग हे सगळं त्या खात्याच्या एचआरला द्या आणि निर्णय मागा. ओएफ-३०६ वर 'नाही' लिहून त्यासाठी दिलेल्या जागेत कारण द्यायचं. 'हो' लिहू नका, तिकडची नोंद खात्याला सेकंदात बघता येते.

हा धागा वाचणाऱ्या, घरात १६-१७ वर्षांचा मुलगा असलेल्या प्रत्येकाला सांगते : त्याच्या अठराव्या वाढदिवसाला हे काम करून टाका. जे विद्यार्थी म्हणून एफ-१ वर आले आणि २६ होईपर्यंत वैध व्हिसावरच राहिले त्यांना हे लागू नाही. पण आईवडिलांच्या ग्रीन कार्डावर आलेल्या मुलांना लागू आहे, आणि आपल्याकडे नेमकी तीच गाळली जातात.


ओंकार_बेथेस्डा :

मी नुकताच पदवीधर, मॉडरेट रिस्कची ऑफर आहे. मेरीलँडमध्ये गांजा कायदेशीर झाल्यावर कॉलेजात मित्रांबरोबर काही वेळा घेतला. राज्याच्या कायद्याप्रमाणे तो गुन्हा नाही, मग लिहायचं कशाला?


शैलेश_रेस्टन :

ओंकार, मेरीलँडने १ जुलै २०२३ पासून मोकळीक दिली, पण फॉर्म फेडरल आहे. राज्याने काय केलं याने फरक पडत नाही, फॉर्मच्या सूचनेतच तसं म्हटलंय. ज्या काळाचं विचारलंय त्या काळातलं लिही, कधी सुरू, कधी शेवटचं. २०२१ च्या फेब्रुवारीत ओपीएमने खात्यांना कळवलं आहे की पूर्वी गांजा घेतला एवढ्यावरून कोणाला सरसकट अपात्र ठरवू नये. पण ऑफर हातात आल्यावर पुन्हा घेतलास तर तो 'पूर्वी' राहत नाही. आजपासून बंद.


मंगल_रॉकव्हिल :

शैलेशचं बरोबर आहे. ओंकार, दुकानातली गमी, म्हणजे गांजा घातलेली चघळायची गोळी, हाही गांजाच, तीही नको.


अनुजा_मेरीलँड :

ताई, रेझ्युमे आला. तारखा बरोबर आहेत, कोणी काही वाढवलेलं नाही. आयआरएसचा ट्रान्सक्रिप्टही मिळाला, त्या कंपनीची दोन्ही वर्षं त्यात आहेत. फॉर्म भरून झालाय, सहीचं बटण तेवढं दाबायचं राहिलंय. समजा काही अडलं तर मला बाजू मांडता येते का? आणि उद्या कोणी 'मी तपास अधिकारी' म्हणून फोन केला तर तो खरा आहे हे कसं ओळखायचं?


मंगल_रॉकव्हिल :

वा, शाब्बास. सही करण्याआधी संपूर्ण फॉर्मची पीडीएफ उतरवून घे. एकदा सर्टिफाय केलं की तुझ्याकडून बदल होत नाही. पुढची कित्येक वर्षं, नोकरी बदललीस तरी, तोच फॉर्म समोर ठेवून पुढचा भरायचा असतो.

काही खटकलं तर खातं खुलासा मागणारं पत्र पाठवतं, उत्तराची मुदत त्यात असते. मुदतीत, मुद्द्याला धरून, कागद जोडून उत्तर द्यायचं. कॉन्ट्रॅक्टरला सरकारी नोकरासारखं पुढे मेरिट सिस्टिम्स प्रोटेक्शन बोर्डाकडे (सरकारी नोकरांची अपिलं ऐकणाऱ्या मंडळाकडे) जाता येत नाही, म्हणून ते एक पत्रच तुझी सुनावणी समज. आलंच तर पाठवायच्या आधी मला व्यक्तिगत निरोप कर, नावं-नंबर झाकून. वाचून देईन.

फोन आला तर त्यांचं पूर्ण नाव, क्रेडेन्शियल नंबर आणि वरिष्ठांचा फोन विचार. खरा अधिकारी चिडत नाही, त्यांना सवय असते. फोन ठेव, डीसीएसएच्या अधिकृत साइटवरून त्यांचा नंबर काढ आणि या नावाचा अधिकारी आहे का ते विचारून घे. तो फोनवर पूर्ण सोशल सिक्युरिटी नंबर किंवा बँकेचा तपशील मागायला लागला तर लगेच फोन ठेवून कंपनीच्या सिक्युरिटी ऑफिसरला कळव. तपासाचे पैसे तुझ्याकडून कोणी मागत नाही, ते खातं भरतं. आणि तुझ्या मैत्रिणींना, ज्यांची नावं दिलीस, त्यांनाही हे सांगून ठेव. त्यांच्या दारातही कुणी ओळखपत्र घेऊन येऊ शकतं, आणि ते नीट बघून मगच बोलायचा त्यांना हक्क आहे.